तिसरी पाणपिसू

माझ्या नाकावर राग असतो, हे मी आधीच सांगून टाकते. घरी नवरा म्हणतो, "तुझ्या प्रयोगशाळेतले किडेसुद्धा तुला घाबरून पोहत असतील." ते किडे नाहीत, हे त्याला सांगून सांगून माझं तोंड दुखलं. पाणपिसवा आहेत त्या. नाव पिसू, पण चावत नाहीत, कुणाच्या अंगावर बसत नाहीत. तिळापेक्षा लहान, आरपार दिसणाऱ्या, गोड्या पाण्यात टुणटुण उड्या मारत पोहणाऱ्या. पाण्यातलं हिरवं शेवाळ त्या खातात आणि त्यांना मासे खातात. एखादी वस्तू नदीत-ओढ्यात गेली तर काय होईल, हे आधी यांच्यावर बघतात, कारण पाण्यात काही वाईट आलं की सगळ्यात आधी याच तळाला बसतात.

नाशिकला सातपूरच्या एका खाजगी प्रयोगशाळेत मी हेच काम करते. मागच्या बाजूला एक थंड खोली आहे, तिथे पाच काचेच्या बरण्या, त्यातली एक मोठी, आणि त्या बरण्यांत माझी ही प्रजा. चाचणीची रीत सोपी आहे. एका दिवसाची पिल्लं घ्यायची. तपासायचा माल पाण्यात कमी-जास्त मिसळून चंचुपात्रं लावायची, प्रत्येक प्रमाणाला वीस पिल्लं, एका पात्रात पाच अशी चार पात्रं. शिवाय वीस पिल्लं नुसत्या साध्या पाण्यात, त्याला कंट्रोल म्हणायचं. अठ्ठेचाळीस तासांनी पात्र हलकंच फिरवायचं आणि पंधरा सेकंद बघायचं. जी पोहली ती चालती, जी नाही पोहली ती गेली. नुसती मिशी हलवली तरी पोहली नाही म्हणजे गेलीच. आणि एक नियम सगळ्यांच्या वरचा: साध्या पाण्यातल्या विसांपैकी दोनपर्यंत गेल्या तर चालेल. तीन गेल्या तर पिल्लंच आजारी होती असं धरायचं आणि अख्खी चाचणी फेकून द्यायची.

माझ्या कंट्रोलमध्ये कधी एखादी जायची, नाहीतर तीही नाही. याचा मला गर्व होता. नव्या मुलींना मी सांगायचे, "माझ्या बरणीतली मरत नाही."

गणपती उठल्यावर चार-आठ दिवसांनी पेठच्या अलीकडच्या एका पाड्यावरची बाई दोन कॅन घेऊन आली. माझ्याच वयाची असेल. तिच्या बचत गटातल्या बायका रिठ्याचं कपडे धुवायचं पाणी तयार करत. त्यांना ते गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, घाटावर स्टॉल लावून विकायचं होतं. बाहेरगावचे लोक घाटावर येतात, धुणं धुतात, त्यांच्या साबणाने नदीची वाट लागते, तर आमचं घ्या, असा तिचा हिशेब. स्टॉलची परवानगी देणाऱ्या कार्यालयातल्या साहेबाने सांगितलं, नदीतल्या जिवांना अपाय नाही असा प्रयोगशाळेचा कागद आणा, मग बघू. दिवाळीच्या आत आणा.

"मॅडम, आमच्या वढ्यावर आम्ही ह्यानंच धुतो," ती म्हणाली. "खेकडं हायेत, मासं हायेत. पण ते म्हणतात, कागद पायजे."

"नैसर्गिक आहे म्हणजे चांगलंच असतं असं नाही, ताई," मी म्हटलं. "धोतराही नैसर्गिकच असतो."

हे असं बोलायची मला काही गरज नव्हती. ती हसली आणि म्हणाली, "म्हणून तर तुमच्याकडं आणलं."

चाचणी कशी होते, थोडी पिल्लं साध्या पाण्यातही कशी ठेवतो, हे मी तिला सांगितलं. आधीची कामं हातात होती, त्यामुळे तिचा नंबर लागायला दसरा आला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा असते. वजनकाट्याला हळदकुंकू, सूक्ष्मदर्शकाला हार, ओव्हनला आंब्याची पानं, मग नारळ आणि पेढे. पूजा करायचा मान आमच्या मामांचा. मामा म्हणजे प्रयोगशाळेतले जुने मदतनीस, दिंडोरीकडचे, साठी जवळ आलेली. काचसामान धुणं, पाणी भरणं, सुट्टीच्या दिवशी येऊन पाणपिसवांना शेवाळ घालणं, सगळं त्यांच्याकडे. मी सकाळीच त्यांना दम दिला होता. "मामा, माझ्या खोलीत अगरबत्ती नाही, कापूर नाही, हळदकुंकू नाही. बरणीला बोट लावायचं नाही. एक जरी मेली तर मी कुणाला सोडणार नाही." ते मान डोलावून गेले. घरी पाहुणे येणार होते म्हणून मी पेढा घेऊन दुपारीच नाशिक रोडला निघाले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चाचणी लावली. पिल्लं कमी होती आणि जरा मलूल वाटली. सुट्टीत खाणं कमी पडलं असेल, म्हटलं. वीस-वीस मोजून, पाच-पाच करून पात्रांत सोडली आणि घड्याळ लावलं.

अठ्ठेचाळीस तास भरले ते दुपारी बाराला. ती बाई सकाळच्या गाडीने येऊन बाहेरच्या बाकावर बसली होती. आज निकाल लागतो एवढं तिला माहीत होतं. मी कंट्रोलपासून सुरुवात केली. पहिल्या पात्रात पाचही पोहत होत्या. दुसऱ्यात एक तळाला. तिसऱ्यात सगळ्या ठीक. चौथ्यात दोन तळाला.

एक आणि दोन, तीन.

मी ते चौथं पात्र पुन्हा फिरवलं. पंधरा सेकंद झाले, तीस झाले, मिनिट झालं. एक तर सरळच गेलेली होती. दुसरीची मिशी थरथरली. थरथरली, यात शंका नाही, पण ती पोहली नाही. नियम मला पाठ आहे, मीच तो लोकांना शिकवते. चाचणी फेकून द्यायची, नवी पिल्लं वाढवायची, दोन-तीन आठवडे जायचे, दिवाळी उलटायची, बाहेर ती बाई बसलेली. हे सगळं माझ्या डोक्यात आलं खरं, पण खरं सांगू? सगळ्यात आधी आलं ते हे, की माझ्या बरणीतल्या मेल्या हे मी लिहायचं? मी वहीत लिहिलं: कंट्रोल, निश्चल दोन. आणि पुढच्या पात्रांकडे वळले.

पुढच्या पात्रांत हाहाकार होता. दाट प्रमाणात सगळ्या गेलेल्या, ते ठीक. पण अगदी पातळ केलेल्या पाण्यातही निम्म्याहून जास्त तळाला बसलेल्या. तिथे तरी मी थांबायला हवं होतं. पण एकदा हातून खोटं लिहिलं गेलं की माणूस त्याच्या बाजूनेच विचार करतो. रिठा आहे, फेस येतो, फेसाने मरणारच, मी नव्हतं का सांगितलं, असं मी स्वतःलाच समजावलं. संध्याकाळी आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांची सही झाली. एक प्रत तिला दिली, एक नियमाप्रमाणे परस्पर त्या कार्यालयाला गेली.

तिने कागद वाचला. शेवटच्या ओळीत 'जलचरांस घातक' असं होतं, त्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"म्हणजे आमच्या वढ्यात आम्हीच इख कालवत होतो?" ती म्हणाली. "पाच वर्षं झाली, मॅडम. पोरं तिथं पोहतात."

मी म्हटलं, "पोरांना काही होत नाही. हे लहान जिवांपुरतं आहे." तिने रिकामे कॅन उचलले आणि गेली.

त्या दिवसापासून माझा पाय एका जागी ठरेना. घरी कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते मोजता येईना. नवऱ्याने साधं विचारलं, आज भाजी काय, तर मी त्याच्यावर खेकसले. दुपारी जेवताना उठून खोलीत जायचे, बरण्यांसमोर उभी राहायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. चोराच्या मनात चांदणं. तिसरी पिसू मेली होती हे मला माहीत होतं. ती का मेली हे माहीत नव्हतं. आणि मग बरण्याच ओस पडायला लागल्या. मोठ्या बरणीत रोज सकाळी तळाला पांढरट गाळ दिसे. पिल्लं होईनात. आठवड्याभरात पाचातल्या तीन बरण्या गेल्या.

मी सगळ्यांना फैलावर घेतलं. पाणी कुणी बदललं? शेवाळ जुनं होतं का? वीज गेली तेव्हा एसी कुणी सुरू केला नाही? पाणी तपासलं, ठीक. शेवाळ तपासलं, ठीक. शेवटी मामा राहिले. ते मोरीपाशी बाटल्या धूत होते.

"मामा, दसऱ्याला तुम्ही माझ्या खोलीत काय केलंत?"

"काय नाय, मॅडम."

"मामा."

त्यांनी नळ बंद केला. "हळदकुंकू नाय लावलं. अगरबत्ती नाय लावली. तुम्ही नाय म्हणलात ना. नुसती फुलं वाहिली."

"कसली फुलं?"

"झेंडूची. मोठीला हार घातला, बाकीच्यांवर एक एक फूल ठेवलं." मग म्हणाले, "काट्याची पूजा झाली, ओव्हनची झाली. ही तर जिती हायेत. ह्यांनाच कसं सोडायचं?"

हार आणि दोन फुलं एसीच्या वाऱ्याने घसरून पाण्यात पडली होती. दसऱ्याच्या सकाळी शेवाळ घालायला आले तेव्हा त्यांनी ते पाहिलं, पाकळ्या चाळणीने काढल्या, फडक्याने काच पुसली. मला कळलं तर मी बोलेन म्हणून गप्प बसले. आता दसऱ्याचा झेंडू म्हणजे काय हे नाशिकच्या माणसाला सांगायला नको. त्र्यंबक नाक्यावर ढीग लागतात. अळी पडू नये, फूल टपोरं दिसावं म्हणून तोडणीच्या दोन दिवस आधीपर्यंत फवारणी चालते. माणसाला ते कळतही नाही. पाणपिसवांना त्यातला कणही पुरतो. मामांच्या घरी शेती, फवारणीचा पंप त्यांनी जन्मभर पाठीवर वाहिलेला, पण देवाला वाहिलेल्या फुलाला औषध लागलेलं असेल हे त्यांच्या मनात आलंच नाही.

मला रडू आलं, ते रागाचं नव्हतं. मी आरडाओरडा केला नसता तर या म्हाताऱ्याने मला दसऱ्याच्या सकाळीच फोन करून सांगितलं असतं. मी चाचणी लावलीच नसती.

मी साहेबांकडे गेले. आमचे साहेब वाईट माणूस नाहीत. कागदाला कागद लागला की त्यांना झोप लागते, एवढंच. मी त्यांना फुलांचं सांगितलं. मामांना बोलावून त्यांनी चांगलं फैलावर घेतलं, मामा खाली मान घालून उभे राहिले. मग साहेब मला म्हणाले, "पण कंट्रोल पास होतं ना?"

तोंडावर आलेलं वाक्य मी गिळलं. "हो सर."

"मग चाचणी वैध आहे. पिल्लं आजारी असती तर कंट्रोलमध्ये मेली असती. हे तुम्हीच मला शिकवलंत." ते बरोबर बोलत होते. "वैध रिपोर्ट मागे कसा घ्यायचा? वरून तपासणीला आले तर कोण उत्तर देणार? तुमची शंका आहे तर नवी पिल्लं आणा, पुन्हा चाचणी करा. दुसरा नमुना म्हणून दुसरा रिपोर्ट देऊ."

गावातल्या एका कॉलेजातून मी नवं बियाणं, म्हणजे पिल्लं घालायच्या बेतातल्या निरोगी पाणपिसवा, आणलं, बरण्या धुऊन उन्हात पालथ्या घातल्या, पुन्हा सगळं उभं केलं. तिचा राखून ठेवलेला नमुना होताच. या वेळी साध्या पाण्यातली एकही गेली नाही. रिठा काही अमृत नव्हे; दाट पाण्यात त्या बसल्याच. पण कपडे खळबळून पाणी वाहून जातं तेवढ्या पातळ पाण्यात विसांच्या वीस टुणटुण उड्या मारत होत्या. मी त्या पात्राकडे कितीतरी वेळ बघत बसले. दिवाळीला थोडेच दिवस राहिले होते.

साहेब म्हणाले, कुरियर करा. मी म्हटलं, मीच देऊन येते. रविवारी निमाणी स्टँडवरून पेठची गाडी धरली. गाडीत सगळा वेळ पिशवी या हातातून त्या हातात करत होते. शेजारच्या आजीने शेवटी विचारलंच, "बाई, कुणाचं दुखतंय खुपतंय काय?"

फाट्यावर उतरून चालत गेले. वाटेत ओढा लागला. तीन-चार बायका धुणं धूत होत्या आणि बाजारच्या पुडीतली निळी पावडर वापरत होत्या. फेस खालच्या दगडांपर्यंत गेला होता. तिच्या अंगणात पिंपं पालथी घातलेली होती.

तिने खाट टाकली, पाणी दिलं. मी दुसरा कागद दिला. तिने आतून पहिला आणला आणि दोन्ही खाटेवर शेजारी शेजारी ठेवले.

"मंग खरा कोणता?"

"दुसरा."

"पैला खोटा हाय, असं ह्या दुसऱ्यावर कुठं लिवलंय?"

"नाही लिहिलेलं."

"तो पैला त्या हाफिसात बसलाय. ते म्हणतील, एक कागद म्हणतो मारतंय, एक म्हणतो नाय मारत. आणि ह्या बायांना मी घरोघर जाऊन सांगितलं, आपलं पाणी इखारी हाय, टाका. त्यांना आता काय सांगू?"

मी फुलांची गोष्ट सांगितली. मामांनी हार घातला, फुलांवर औषध होतं, पिल्लं आधीच आजारी झाली होती, सगळं. तिने नीट ऐकलं. मग म्हणाली, "म्हाताऱ्यानं जिवाला फूल वाहिलं, त्यात त्याचं काय चुकलं? पर मॅडम, तुम्ही त्या दिवशी सांगितलेलं की थोडी साध्या पाण्यात पण ठेवता. ती नाय मेली?"

मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. अंगणात कोंबडी तिच्या पिलांना घेऊन फिरत होती.

"मेली," मी म्हटलं. "तीन मेली. तीन मेली तर चाचणी फेकून द्यायची असते. मी दोन लिहिली."

"का?"

"तुम्ही बाहेर बसला होतात, दिवाळी जवळ आली होती..." असं सुरू केलं आणि माझी मलाच लाज वाटली. "नाही. ते कारण नव्हतं. माझ्या हातची मरत नाहीत असा मला माज होता."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. राग मला कळतो. तिने आत जाऊन पोराच्या दप्तरातला पेन आणला आणि पहिला कागद उलटा करून माझ्यापुढे ठेवला.

"हे हितं लिहा."

मी लिहिलं: साध्या पाण्यात तीन निश्चल होत्या, मी दोन नोंदवल्या, ही चाचणी रद्द धरावी. तिने ते अक्षर अक्षर लावून वाचलं, दोनदा वाचलं.

"सही?"

मी सही केली.

"हा तुमच्या साहेबाला तुम्ही दाखवणार, का मी?"

"मी दाखवते, ताई. उद्याच."

तिने कागदाची घडी घातली. मला वाटलं, ती मला देईल. ती घडी तिने कमरेच्या पिशवीत ठेवली.

"मी पण येते," ती म्हणाली.

सोमवारी मी नेहमीपेक्षा लवकर पोचले, तरी ती माझ्याआधी त्याच बाकावर बसलेली होती. मामांनी तिला चहा दिला होता. तिने फक्त उठून पदर सारखा केला. आम्ही दोघी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "काय झालं? दुसरा रिपोर्ट पोचला ना यांना?"

तिने पिशवीत हात घातला, पण कागद बाहेर काढला नाही. ती माझं तोंड बघत थांबली.

मी म्हटलं, "सर, कंट्रोल पास नव्हतं."